नेटवर्कवरून रिपीटरचे प्रोग्रामिंग : मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरात होटगी रस्त्यावरील इमारतीच्या गच्चीवर एक आणि पंढरपुरातील गोदामावर एक, असे आमचे दोन डीएमआर (डिजिटल वॉकीटॉकी प्रणालीचे) रिपीटर, म्हणजे हातातील संचांचा सिग्नल पकडून पुढे दूरवर पाठवणारी यंत्रे, परवान्यातील फ्रिक्वेन्सीवर चालतात व आयपीने एकमेकांना जोडलेले आहेत. मात्र कलर कोडसारखा (रिपीटर व संच यांनी एकमेकांना ओळखण्याचा आकडा) लहानसा बदल करायचा झाला तरी लॅपटॉप आणि यूएसबी केबल घेऊन सोलापूरहून सत्तरेक किलोमीटर जावे लागते, आणि आषाढीच्या दिवसांत, रस्ते वारकऱ्यांनी भरलेले असताना व संपर्काची गरज सर्वाधिक असताना, तसे जाणे जवळजवळ अशक्य होते.

पंढरपुरात फोर-जी सिमचा राउटर आहे. मोबाइल जोडणीत स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नसल्याने तेथून सोलापूरच्या स्थिर आयपीकडे वायरगार्डचा बोगदा (कूटबद्ध व्हीपीएन जोडणी) उघडला आहे आणि रिपीटर पिंगला उत्तर देतो. त्याचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणे मला धोक्याचे वाटते, म्हणून तो मार्ग टाळला.

खरी चिंता पुढचीच आहे. कोडप्लग (रिपीटरच्या सगळ्या सेटिंगची फाइल) लिहून झाल्यावर रिपीटर रीस्टार्ट होतो. त्यात गेटवेच्या, म्हणजे बाहेर जाण्याच्या वाटेवरील राउटरच्या, पत्त्याचा एक आकडा चुकला, तर परतीची वाटच बंद होईल. लिहिताना मध्येच सिग्नल तुटला, तर जुना कोडप्लग शाबूत राहतो का? अशा वेळी वीजपुरवठा दुरून बंद-चालू करणारा रिले पुरेसा ठरतो, की रिपीटरशेजारी यूएसबीने जोडलेला छोटा संगणक कायम ठेवणेच योग्य? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया अनुभव सविस्तर सांगावा.