पालकांना काळजी नाही म्हणणाऱ्या सरांना

मांजराकाठ:
कालपासून तालुक्याच्या ग्रुपवर एका सरांचा मजकूर फिरतोय. "सभेला पाच-सहा आया येतात, बाप एकही नाही. पालकांनाच काळजी नसेल तर लेकरं मागं राहिल्याचा दोष आमच्यावर का?" खाली अंगठ्यांची रांग लागलीय. मला राहवलं नाही.

सर, सभा ठेवली डिसेंबरात. आपल्या बीड जिल्ह्यात डिसेंबरात वाडीवस्तीवर कोण असतं? दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला गाड्या भरतात. कोणी सांगली-कोल्हापूरच्या फडात, कोणी पार कर्नाटकात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, म्हणजे आईसुद्धा गेलेली. खाडा पडला, म्हणजे काम बुडालं, तर पैसे उचलीतून (आगाऊ घेतलेल्या रकमेतून) कापतात. लेकरू आजीजवळ. माझी चुलती नातवासाठी शाळेत गेली, तर "आईवडिलांना पाठवा" म्हणून परत लावलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 काढून बघा. नियमित सभा घेऊन हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, आणि त्यात सांभाळ करणारेही धरलेत. आजी सांभाळ करत नाही तर कोण करतं?

आणि बोलावणं येतं कधी? आधार जुळत नाही, खातं काढायचंय, पोरानं मारामारी केली. लेकराला काय चांगलं जमतं हे सांगायला आमच्या घरच्या कुणाला आजवर बोलावलेलं नाही.

खडूफळा:
तो मजकूर माझा नाही, पण निम्मा पटतो. मी जिल्हा परिषदेत आहे. पहिली ते पाचवी, शिक्षक दोघं. कलम 24 वाचलंत, मग 27 पण वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देता येत नाही. निवडणुकीच्या नावाखाली मतदारयादीचं काम बारमाही झालंय. वर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, रोज एक नवी लिंक. सभा कधी घेऊ?

फोनचं म्हणाल तर दर हंगामाला पालकांचा नंबर बदलतो. एका मुलीला ताप भरला म्हणून वडिलांना फोन लावला. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमानं उचलला, "कामावर हाय" म्हणाला आणि ठेवून दिला. मुलीला दवाखान्यात मी नेलं. ते कुठल्याच ग्रुपवर आलं नाही.

पिंपरीची आई:
तुमच्याकडे निदान शिक्षकाशी भांडता तरी येतं! आमच्या खाजगी शाळेत बाई गेटबाहेर भेटत नाहीत आणि ग्रुपवर फक्त शाळाच लिहू शकते. सभेत प्रत्येकाला दोन मिनिटं, त्यातलं एक फीच्या हप्त्यावर जातं. राज्याच्या 2011 च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. आमच्याकडे नावं थेट फळ्यावर लागली. विचारलं तर, "तुमचा काही वैयक्तिक प्रॉब्लेम आहे का?"

गोदेचा तात्या (परभणी):
ताई, समितीचं आमच्याकडचं ऐका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, असं कायदा सांगतो. कागदावर सगळं बरोबर आहे. प्रत्यक्षात अध्यक्ष सरपंचाच्या भावकीतला, बायकांच्या सह्या नवऱ्यांच्या हातून, आणि इतिवृत्त गुरुजी घरी बसून लिहितात. न झालेल्या सभांची वही भरलेली असते. पालक कसे येतील?

खडूफळा:
वही मी लिहितो, कारण दुसरं कोणी हात लावत नाही. मागच्या सभेला अध्यक्ष साहेबांना तीनदा निरोप धाडला, ते लग्नाला गेलेले. वही कोरी राहिली तर नोटीस मला येते, त्यांना नाही. तुम्ही स्वतः कधी समितीवर बसलात का? बसा एक वर्ष, मग बोला.

गोदेचा तात्या (परभणी):
बसलो होतो. किचनशेडचा खर्च विचारला, पुढच्या वेळी नाव गळालं. मला शिकवू नका.

निवृत्त केंद्रप्रमुख:
दोघंही जरा थांबा. वहीवरून भांडताय, पण आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह चालवायचं काम याच समितीकडं असतं, हे कोणी बोललं नाही. समिती जागी असेल तर दिवाळीआधी याद्या होतात, लेकरू गावात राहतं, पोटाला मिळतं. झोपलेली असेल तर वसतिगृह उशिरा सुरू होतं आणि तोवर लेकरू गाडीत बसून गेलेलं असतं. मग पट कमी का म्हणून शिक्षकालाच विचारणा.

माझ्या केंद्रात एक बाई होत्या. त्या सभेची वाट बघत नसत, शाळा सुटली की वस्तीवरून चक्कर मारत. एक मुलगी सारखी गैरहजर. घरी गेल्यावर कळलं, धाकट्या भावाला सांभाळायला घरात दुसरं कोणीच नाही. बाईंनी अंगणवाडीताईंशी बोलून त्या भावाची सोय लावली आणि मुलगी यायला लागली. रजिस्टरात ती नुसती "अनियमित" होती.

खडूफळा:
साहेब, त्या बाईंचा आदर आहे. पण त्यांच्याकडे मतदारयादी होती का? मलाही घरं माहीत आहेत. मी रोज संध्याकाळी वस्तीवर फिरायचं आणि माझ्या लेकरांनी कुणाकडं बघायचं?

मांजराकाठ:
सर, तुमच्या संध्याकाळवर आमचा हक्क नाही, हे मान्य. मतदारयादीचंही मान्य, त्यासाठी तहसीलवर मोर्चा काढा, मी पुढं चालतो. पण आजीला दारातून परत लावायला कुठल्या साहेबाचा आदेश लागला होता? तिथं वेळ गेला नसता, उलट वाचला असता. ती म्हातारी रोज रात्री लेकीशी बोलते. तुमचा निरोप फुकटात फडापर्यंत पोचला असता.

खडूफळा:
आजीला परत लावणं चूकच. कोणी लावलं असेल त्यानं चूक केली. झालं समाधान? आता माझंही ऐका. जाताना घरचा एक आणि टोळीतला एक, असे दोन नंबर शाळेत द्यायला काय होतं? दाखल्याला येता, तेवढ्यासाठी का येत नाही?

मांजराकाठ:
सभा गाड्या निघायच्या आधी ठेवा, देतील.

खडूफळा:
गाड्या कधी निघणार ते मुकादम ठरवतो आणि कळतं तुम्हाला. तारीख तुम्ही सांगा, सभा मी लावतो. रविवार असला तरी.

मांजराकाठ:
दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. आमच्या वस्तीवरची माणसं मी आणतो, आज्यांसकट. पण आधार आणि खात्याचं त्या दिवशी काढायचं नाही.

पिंपरीची आई:
आणि आमच्या चिठ्ठ्यांचं काय? मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करतेय. कोणी केला असेल तर मसुदा द्या.