डब्ल्यूजी: मालगाडीचं खरं इंजिन

डब्ल्यूजी हे भारतीय रेल्वेचं मालगाड्या ओढणारं वाफेचं इंजिन, तर डब्ल्यूपी प्रवासी गाड्यांचं. काही जण म्हणतात की डब्ल्यूजी म्हणजे लहान चाकांचं डब्ल्यूपी. बॉयलरपुरतं हे बरोबर आहे. दोन्हींचा बॉयलर मुळात एकच, भारतातल्या भरपूर राखेच्या हलक्या प्रतीच्या कोळशावर चालेल असा. पण मालगाडीला वेग नको, ओढ हवी. म्हणून डब्ल्यूपीच्या सहा चालक चाकांऐवजी (वाफेच्या जोरावर फिरून गाडी ओढणारी चाकं) इथे आठ, तीही १७०२ ऐवजी १५६२ मिलिमीटर व्यासाची. वजन जास्त चाकांवर पडलं की रुळावरची पकड वाढते आणि जड गाडी जागेवरून हलवताना चाकं कमी घसरतात. सिलिंडरही डब्ल्यूपीपेक्षा मोठे. माझ्या मते इतक्या फरकानंतर ते वेगळंच इंजिन ठरतं.

सुरुवातीची इंजिनं ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची. १९५० मध्ये पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन रेल्वे इंजिन कारखान्याने आपलं पहिलं इंजिन बाहेर काढलं, तेही डब्ल्यूजीच: क्रमांक ८४०१, ‘देशबंधु’. कारखान्याला ज्यांचं नाव, त्याच स्वातंत्र्यसेनानी चित्तरंजन दासांची ही उपाधी. पुढे या वर्गाची संख्या २,४५० वर गेली. १९७० मध्ये शेवटचं निघालं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. हे नाव वाचलं की आजही गलबलून येतं.