कानात बुरशी आहे हे नुसतं बघून कळतं का?

खाडीकाठ:
मंडळी, जुलैपासून उजवा कान खाजतोय. चिपळूणच्या पावसात उशीसुद्धा दमट लागते, म्हणून लक्षच दिलं नाही, पिनेने खाजवत बसलो. मग दडा बसला, मेडिकलमधून ड्रॉप आणले, चार दिवस बरं वाटलं आणि नंतर दुप्पट खाज, वर कान वाहायला लागला. काल कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं न् दोन मिनिटांत म्हणाले बुरशी. ना रक्त तपासलं ना काय. असं कळतं?

कानसेन:
कळतं हो, बहुतेक वेळा. ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी असेल तर कानात भिजलेला पेपर कोंबल्यासारखं दिसतं, करड्या लगद्यावर काळे ठिपके. कँडिडा ही दुसरी बुरशी असली तर पांढरट, सायीसारखं. रक्तात यातलं काही दिसत नाही, पण शुगर बघून घ्या, डायबेटिस असला की हे परत परत होतं. आणि ते ड्रॉप अँटिबायोटिक-स्टेरॉइडवाले असणार, स्टेरॉइडने खाज दबली आणि बॅक्टेरिया मेल्यावर बुरशीला रान मोकळं.

काचपट्टी:
मी लॅबमध्ये आहे. औषधाने फरक पडत नसेल तर डॉक्टर कानातली घाण आमच्याकडे पाठवतात. काचपट्टीवर घेऊन त्यावर 10 टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकायचा, कातडीचे कण विरघळतात आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात. रिपोर्ट त्याच दिवशी. नक्की कुठली बुरशी ते कल्चरमध्ये, म्हणजे ती प्लेटवर वाढवून बघितल्यावर कळतं, त्याला दिवस लागतात. नायजरची प्लेट आधी पांढरी दिसते, मग काळी मिरपूड भुरभुरल्यासारखी होते.

माईची_सून:
आमच्याकडे लसणाचं तेल कोमट करून घालतात, लगेच उतार पडतो

कानसेन:
ताई, नका घालू प्लीज. पडद्याला भोक असलं तर ते थेट आत जाईल. @खाडीकाठ, सक्शन केलं का? तो लगदा काढल्याशिवाय औषध कातडीपर्यंत पोचतच नाही.

खाडीकाठ:
केलं, मशीन लावल्यावर जरा गरगरलं. पडदा शाबूत आहे म्हणाले, बुरशीवरचे क्लोट्रिमाझोलचे ड्रॉप दिलेत, सोमवारी परत बोलावलंय. आंघोळीचं काय करू?

कानसेन:
कापसाला व्हॅसलीन चोपडून बोळा लावा, आंघोळ झाली की लगेच काढा. खाज थांबली तरी ड्रॉप मध्येच सोडू नका, दोन-तीन आठवडे लागतात. आणि ती पिन टाका आधी.