चार वर्षं नोकरी झाली, हातात अमेरिकेचा अ‍ॅडमिट आहे. एमएसला जावं का?

खराडीचा_बग (धागाकर्ता)

वय २६. पुण्यात एका प्रॉडक्ट कंपनीत बॅकएंडला (सर्व्हरच्या बाजूचं सॉफ्टवेअर) चार वर्षं झाली. सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, १६ लाख, हातात महिन्याला एक लाख आठ हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठातून कम्प्युटर सायन्सच्या एमएसचा (पदव्युत्तर पदवीचा) अ‍ॅडमिट, म्हणजे प्रवेशाचं पत्र, आलाय. नाव ऐकून कोणी उभं राहणार नाही, पण अगदीच दुकानही नाही.

दोन वर्षांची फी ४२ हजार डॉलर, राहणं, खाणं, विमा मिळून आणखी ३० हजार. डॉलर ९० चा धरला तर ६५ लाख होतात. माझे १५, बाकीचे ५० कर्ज. सरकारी बँकेला तारण हवंय, म्हणजे बाबांचा फ्लॅट.

कॉलेजच्या सहाजणांच्या कंपूतले चार तिकडे आहेत, ते म्हणतात ये. मॅनेजर म्हणतो थांब, पुढच्या सायकलला प्रमोशन बघू. (ही पुढची सायकल गेली दोन वर्षं पुढेच आहे.) डिपॉझिट १५ एप्रिलपर्यंत भरायचंय. माझा कल जाण्याकडे आहे. खोडून काढा.

परतलेला_पक्षी

जाऊ नकोस असं म्हणत नाही. पण तू हिशेब मांडलायस तो एच-१बीची, म्हणजे तिथल्या कामाच्या व्हिसाची, लॉटरी लागणार असं मनात धरून. एकदा न लागता मांडून बघ.

मी २०१९ ला गेलो, २०२१ ला पदवी. ओपीटीचं (विद्यार्थी व्हिसावरच काम करायची मुभा) एक वर्ष, स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची, वाढीव दोन. लॉटरी दर मार्चमध्ये, म्हणजे तीन मार्च हातात. मार्चअखेर वकिलाच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे 'सिलेक्टेड' येतं का एवढंच बघायचं. मीटिंग चालू असते, आपण कॅमेरा बंद करून दर दहा मिनिटांनी पान रिफ्रेश करतो. माझं तिन्ही वेळा 'सबमिटेड'वर अडकलं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या पोराचं पहिल्याच फटक्यात लागलं. माझ्यामुळे त्याने ऑफिसात कोणाला सांगितलंच नाही. लॉटरी न लागल्यापेक्षा ते जास्त लागलं.

परत आलो तेव्हा १९ लाख फिटायचे होते. आज पुण्यात पगार बरा आहे, पण इथेच राहिलो असतो तरी एवढ्यावर पोचलो असतो असं वाटतं. शिक्षण वाया गेलं का? नाही. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा एक कोर्स केला, त्यावर आजही जेवतोय. एक कोर्स, पासष्ट लाख.

डॅलसकर

पक्ष्याबद्दल सहानुभूती आहे, पण एकाची चिठ्ठी निघाली नाही म्हणून सगळ्या गावाने जत्रेला जायचं सोडायचं का?

आता चित्र उलट झालंय ते बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. आपल्याकडे लगेच बोंब, संपलं सगळं. ऑक्टोबरात खुलासा आला की एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आत असलेल्याने तिथल्या तिथे स्टेटस बदललं तर हे शुल्क लागत नाही. म्हणजे खराडीत बसलेल्या माणसाला थेट उचलून न्यायचं तर कंपनीला लाख डॉलर जास्त, आणि तिथे शिकणाऱ्याला घ्यायचं तर शून्य. पुढचं दार कुलूपबंद झालंय, एमएस हे मागचं दार आहे. शिवाय वर्षाच्या ६५ हजार एच-१बींच्या कोट्याखेरीज अमेरिकन मास्टर्सवाल्यांना २० हजार वेगळे आहेतच.

मी २०१५ ला गेलो. पहिल्या सत्रात चौघांत एक बेडरूम, गाद्या जमिनीवर. आज घर आहे, दोन मुलं आहेत. लोक फक्त न लागलेल्यांच्या गोष्टी लिहितात, कारण लागलेले कामात असतात.

परतलेला_पक्षी

@डॅलसकर, तुमची गोष्ट २०१५ ची आहे आणि तेव्हा डॉलर पासष्टच्या आसपास होता. मागच्या दारावरही आता पहारा आहे. नव्या नियमाने लॉटरीला पगाराच्या श्रेणीचं वजन आलंय. वरच्या चौथ्या श्रेणीला चार चिठ्ठ्या, तळच्या पहिलीला एक. नुकताच एमएस झालेला बहुतेक वेळा तळाशीच असतो. तुमच्या वेळी चिठ्ठ्या पगारावरून ठरत नव्हत्या.

आणि लॉटरी लागली म्हणजे काय मिळालं? नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस. ग्रीन कार्डाला दर देशामागे सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या रांगेत दहा-बारा वर्षांपूर्वीचे लोक अजून उभे आहेत. तुमचं ग्रीन कार्ड आलं का?

डॅलसकर

नाही आलं. पण मुलं अमेरिकेत जन्मली, जन्माने नागरिक आहेत, त्यांना ही रांग नाही.

परतलेला_पक्षी

बघा मंडळी, कर्ज बापाच्या फ्लॅटवर आणि परतावा नातवंडांना.

हिशेबनीस

भांडणं चालू द्या, मी आकडे टाकतो. ५० लाख कर्ज, दर ११ टक्के धरू. शिकत असताना हप्ता नाही, पण व्याज झोपत नाही. हप्ता सुरू व्हायच्या वेळी मुद्दल साठच्या घरात गेलेली असेल. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण ८२ ते ८३ हजार.

तिकडे नोकरी असेल तर हे नऊशे-साडेनऊशे डॉलर. झोंबेल, मरणार नाहीस. इकडे परत आलास आणि आजच्याच पगारावर लागलास, तर एक लाख आठ हजारांतून हप्ता गेल्यावर २५ हजार उरतात. भाडं, पेट्रोल, एखादं लग्न... पुढचं मी लिहीत नाही. म्हणजे तुझा जुगार अमेरिकेवर नाहीच. परत आल्यावर इथला पगार निदान दुपटीला जाईल का, यावर आहे.

एक कामाची गोष्ट. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना घेतला जाणारा आगाऊ कर, कापत नाहीत. त्या कर्जाच्या व्याजाची करात वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत राहिलास तरच. एजंट हे दुसरं वाक्य गिळतात.

एक_बाप

मी सहसा फक्त वाचतो. माझ्या मुलासाठी मी घराची कागदपत्रं बँकेत ठेवली आहेत. मूळ करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं ना हरकत पत्र, सगळं प्लास्टिकच्या फाइलीत घालून. साहेबाने प्रत्येक पानावर सही घेतली, सत्तेचाळीस सह्या झाल्या. सही करताना हात थांबला नाही, हे खरं सांगतो. आता मुलगा फोनवर 'मार्केट स्लो आहे' म्हणतो तेव्हा मात्र थांबतो.

खराडीकर, बाबांना विचारलंत का? 'हो' म्हणतील. त्या 'हो'वर जाऊ नका. रात्री झोपतात का ते आईला विचारा.

तिसरी_घंटा

सगळे पुरुष लिहितायत म्हणून एक वेगळं. माझ्यासाठी एमएस ही पदवी नव्हतीच. पंचविशीत घरी स्थळं यायला लागली. 'नोकरीत जम बसवायचाय' हे कारण आईने ऐकून घेतलं नाही. 'एमएसला जायचंय' म्हटल्यावर तिनेच मावशीला अभिमानाने फोन केला. दोन वर्षं कोणी काही विचारलं नाही. ती शांतता मी ४० लाखांना विकत घेतली आणि मला ती स्वस्त वाटते. तुमच्या एक्सेल शीटमध्ये यासाठी रकाना आहे का, हिशेबनीस?

हिशेबनीस

नाही. हरलो.

म्युनिकवाला

अमेरिका सोडून देश असतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाहीच, सेमिस्टरची थोडीफार वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ पासून मास्टर्सला सेमिस्टरला चार ते सहा हजार युरो घेतं, त्यामुळे माझं आयडी बघून तिकडे धावू नका. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवायचे, ते पैसे आपलेच, दरमहा ९९२ मिळतात. भारतीयांना एपीएसचा (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा) दाखला सक्तीचा आहे, त्याला वेळ लागतो. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं, लॉटरी नाही.

आता खोट. भाषा. वर्ग इंग्रजीत असतो, नोकरीची जाहिरात जर्मनमध्ये. इंग्रजीवर चालणाऱ्या टीम आहेत, पण त्यांच्यासाठी आपण सगळेच रांगेत. बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, पूर्ण करून इकडे या. इथे येऊन करू म्हणणारे पिझ्झा पोचवत 'डेअर, डी, डास' घोकतात. मी घोकलंय.

रात्रीचा_विद्यार्थी

कोणी बोललं नाही म्हणून. जॉर्जिया टेकचा ऑनलाइन एमएस २०१४ पासून चालू आहे. सगळा खर्च दहा हजार डॉलरच्या आत, पदवी कॅम्पसवाल्यांना मिळते तीच. मी नोकरी करत करतोय, सहावा विषय चालू आहे. सोमवारी पहाटे असाइनमेंटची मुदत असते, बायको म्हणते तुझ्या घरात रविवार नसतो.

शिकायचंच असेल तर हा रस्ता आहे. आणि या प्रतिसादाला कोणी '+१' देणार नाही हेही मला माहीत आहे, कारण याच्याबरोबर व्हिसा येत नाही. शिक्षणाची चर्चा म्हणून धागा काढायचा आणि बोलायचं व्हिसाबद्दल.

डॅलसकर

+१. घ्या, दिला.

कुलकर्णीबुवा_नाही

एल-१ विसरलात, कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा. पुण्या-बंगळुरात परदेशी कंपन्यांची स्वतःची सेंटर्स आहेत, देशभरात १,७०० च्या वर. अशा ठिकाणी लागायचं, सलग एक वर्ष काढायचं, मग कंपनीच तिकडच्या ऑफिसात पाठवू शकते. लॉटरी नाही, फी नाही, जोडीदाराला कामाची मुभा. तोटा असा की तिकडे गेल्यावर कंपनी बदलता येत नाही आणि पाठवायचं की नाही हे साहेबाच्या मर्जीवर. माझ्या साहेबाने चार वर्षं 'पुढच्या तिमाहीत' केलं. तरीही वाट बघताना मी पगार घेत होतो, व्याज भरत नव्हतो.

परतलेला_पक्षी

शेवटचं लिहितो. संशोधन करायचं असेल, ग्राफिक्स, कंपायलर, रोबोटिक्स असं काही डोक्यात घुसलं असेल तर जा, कर्ज काढून जा. बॅकएंडच करायचंय, फक्त वेगळ्या पिनकोडला, तर थांब. तू धाग्यात फी लिहिलीस, विमा लिहिलास, मॅनेजर लिहिलास. काय शिकायचंय ते कुठेच लिहिलं नाहीस.

खराडीचा_बग

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पक्ष्याचा शेवटचा जरा खोल गेला. एसओपीमध्ये (प्रवेश अर्जासोबतचा निबंध) काय शिकायचंय ते दोन पानं लिहिलं होतं. काल उघडून पाहिलं, त्यातलं दीड पान सीनियरचं आहे.

एक_बाप, तुमचं वाचून आईला विचारलं. म्हणाली, झोपतात, पण हल्ली पहाटे उठून सोसायटीच्या पायऱ्यांवर बसतात. शनिवारी बाबांबरोबर बँकेत गेलो होतो. व्हॅल्युएशनचा माणूस कधी येणार वगैरे झालं. निघताना बाबांनी अधिकाऱ्याला एकच विचारलं, मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का. नाही म्हणाल्यावर त्यांनी पेन खिशाला परत लावलं आणि मला म्हणाले, चहा घेऊ.

डिपॉझिट भरलेलं नाही. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का असा मेल विद्यापीठाला टाकलाय. दरम्यान मशीन लर्निंगच्या टीममध्ये बदली मागितली आहे आणि ऑनलाइनवाल्याचा पहिला विषय काय असतो ते बघतोय.

डॅलसकर

वर्षभराने डॉलर किती असेल?

हिशेबनीस

गेल्या दहा वर्षांचं बघितलं तर खाली येईल या आशेवर राहू नका.

खराडीचा_बग

माहीत आहे. १५ लाखांतले सात मी आजच डॉलरवाल्या फंडात टाकले. जायचं ठरलं तर उपयोगी, नाही ठरलं तरी काही बिघडत नाही.

तिसरी_घंटा

आणि स्थळं?

खराडीचा_बग

मुलग्यांना हा प्रश्न दोन वर्षं उशिरा येतो. तेव्हा धागा वर काढतो.