तडीपार, मोक्का, एमपीडीए यात नेमका फरक काय?

सिडकोकर: आमच्या गल्लीतली पोरं कोयते घेऊन रील टाकतात, माझा भाचा 16 वर्षांचा, तोही त्यांच्यात उठबस करायला लागलाय, खूप काळजी वाटते. पोलीस यांना तडीपार करतात तरी टोळी तशीच कशी राहते?

पंचवटीकर: दादा, तडीपारी म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 खाली जास्तीत जास्त 2 वर्षं हद्दीबाहेर, पण माणूस मोकळाच असतो ना, बाहेर राहून फोनवर पोरं हलवतो. एमपीडीए हा धोकादायक गुंडांना रोखायचा कायदा 1981 चा, त्यात थेट स्थानबद्ध, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात, 1 वर्षापर्यंत. मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा 1999 चा, तो सगळ्यात जड, टोळीवर मागच्या 10 वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं लागतात आणि जामीन फार अवघड. रीलमधल्या कोयत्यावरही आर्म्स ॲक्टखाली गुन्हा लागतो बरं का, पोरांना हे माहीतच नसतं.

नाशिकरोडची ताई: मी अशा मुलांसोबत काम करते. भाई लोक अल्पवयीन पोरांना मुद्दाम पुढे करतात कारण केस बाल न्याय मंडळापुढे जाते, पण 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 16 पूर्ण झालेल्यावर खुनासारखा गुन्हा असेल तर मंडळ चौकशी करून प्रौढासारखा खटला चालवायला पाठवू शकतं, हे त्या पोराला कुणी सांगत नाही. आधी वडापाव, मग गाडी फिरवायला, मग वाढदिवसाला तलवारीने केक, असंच ओढतात. भाच्याला ओरडू नका, संध्याकाळी तो कुठे असतो ते बघा, तालमीत नाहीतर एखाद्या कामाला लावा.

सिडकोकर: उद्याच माझ्या बहिणीकडे जाऊन भाच्याशी बोलतो.