किम ह्ये-जा: ‘अवर ब्लूज’नंतर मागे कुठवर जावे?

मृण्मयी_सा:

नमस्कार. गेल्या महिन्यात मी आणि सासूबाईंनी मिळून ‘अवर ब्लूज’ ही 2022 सालची कोरियन मालिका पाहून संपवली. सासूबाईंना इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक संवादाचा अर्थ मी त्यांना सांगत होते. मात्र जेजू बेटावरच्या बाजारात बसणारी म्हातारी ओक-दोंग पडद्यावर आली की त्या मला हाताने थांबवायच्या आणि म्हणायच्या, “हिचं सांगू नकोस, कळतंय मला.” मुलाच्या तोंडचा अपमान मान खाली घालून ऐकणारी, लिहिता-वाचता न येणारी ही बाई बोलते फार कमी, तरीही सासूबाईंना तिचे सारे कळत होते.

ही भूमिका करणाऱ्या किम ह्ये-जा यांचा जन्म 1941 सालचा असून कोरियात दूरचित्रवाणी सुरू झाली त्या काळापासून त्या काम करत आहेत, एवढे मी शोधून काढले. त्यांच्या गाजलेल्या बहुतेक भूमिका आईच्याच आहेत, हेही लक्षात आले. यातून पडलेला प्रश्न मनापासून विचारते. एकाच प्रकारच्या भूमिका अर्धशतक करणाऱ्या अभिनेत्रीला तिथे इतका मान मिळतो, तो नेमका कशासाठी? आणि त्यांचे काम पाहायचे तर सुरुवात कुठून करावी? सासूबाईंचाही एक प्रश्न आहे: शेवटी ओक-दोंग मुलासाठी पहाटे उठून शिजवते ते काय असते?

जुनी_वही:

मृण्मयीताई, तुमच्या सासूबाईंनी उत्तर अर्धे देऊन ठेवलेच आहे.

केबीएस ही सरकारी वाहिनी 1961 च्या अखेरीस सुरू झाली आणि तिने निवडलेल्या कलाकारांच्या पहिल्या तुकडीत किम ह्ये-जा होत्या. लग्न आणि मूल यांमुळे त्या काही वर्षे दूर राहिल्या, नंतर रंगभूमीवरून परतल्या. त्यांना घरोघरी पोहोचवले ते ‘जनवन इल्गी’ या एमबीसी वाहिनीच्या मालिकेने. या नावाचा अर्थ साधारणपणे ‘गावाकडची रोजनिशी’ असा होतो. ऑक्टोबर 1980 मध्ये सुरू झालेली ही मालिका डिसेंबर 2002 मध्ये संपली आणि तिचे 1088 भाग झाले. ती सुरू झाली तेव्हा त्या अवघ्या 39 वर्षांच्या होत्या, पण भूमिका होती भरल्या शेतकरी घरातल्या सासूची. या बावीस वर्षांत कोरियातली खेडी ओस पडत गेली आणि सोलमध्ये इमारतींची रांग लागली. गाव सोडून आलेली माणसे आठवड्यातून एकदा यांगचोन-री हे काल्पनिक गाव पाहायला बसत असत, आणि त्या गावातली आई म्हणजे किम ह्ये-जा. ‘राष्ट्राची आई’ हे बिरुद त्यांना तिथून चिकटले.

त्या मालिकेतला एक भाग कोरियात आजही आठवणीने सांगितला जातो. घरात पहिल्यांदा टेलिफोन येतो. जो तो आपापल्या माणसांशी बोलून घेतो. रात्री सगळे झोपल्यावर ही बाई एकटी उठते, रिसीव्हर कानाला लावते आणि कधीच वारलेल्या आपल्या आईला फोन जोडून द्यायला सांगते. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या बाईकडे सारा देश आई म्हणून पाहत होता, तीही कुणाची तरी मुलगी आहे आणि तिला आईची आठवण येते, हे तो काही मिनिटांत सांगून जातो. तुम्ही ज्याला एकच प्रकार म्हणता त्याच्या आत इतकी जागा होती, आणि किम ह्ये-जा यांनी ती कोपरा न् कोपरा वापरली.

या साऱ्याला दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी 2009 च्या ‘मदर’ या चित्रपटात उलटे वळण दिले. त्यांनी हा चित्रपट किम ह्ये-जा यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता. सुरुवातीच्या एका प्रसंगात त्या दुकानात बसून अडकित्त्यासारख्या मोठ्या पात्याने वाळलेल्या वनस्पती कापत असतात, पण नजर रस्त्यापलीकडच्या मुलावर खिळलेली असते, आणि पाते बोटांच्या जवळ सरकत जाते. पोटच्या मुलासाठी काहीही करणारी आई हे आपण कौतुकाने म्हणतो. त्या ‘काहीही’चा शब्दशः अर्थ काय होऊ शकतो, हे हा चित्रपट दाखवतो. प्रेक्षकांच्या मनात तीस वर्षे पाहिलेली ती प्रेमळ आई नसती, तर त्या चेहऱ्याची अशी भीती वाटली नसती. लॉस एंजेलिसच्या चित्रपट समीक्षकांच्या संघटनेने त्यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले. चित्रपट सासूबाईंसोबत पाहण्याआधी तुम्ही एकट्या पाहून घ्या, असे मी आग्रहाने सुचवेन.

पश्चिमवारा:

वरील प्रतिसाद आवडला, परंतु एक बाजू त्यात राहून गेली आहे. किम ह्ये-जा यांनी आईच्या भूमिका निवडल्या असे म्हणण्यापेक्षा, तिशी ओलांडलेल्या स्त्रीला त्या काळी दुसरे फारसे काही मिळत नव्हते, असे म्हणणे योग्य होईल. त्याच मालिकेत किम सू-मी या अभिनेत्रीने शेजारच्या इल-योंगच्या म्हाताऱ्या आईचे काम केले. तेव्हा त्या जेमतेम एकतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या मुलाचे काम करणारा नट वयाने त्यांच्याहून मोठा होता! अशा व्यवस्थेत कलावंताचे मोठेपण मोजताना आपण व्यवस्थेलाही प्रश्न विचारला पाहिजे.

म्हणूनच लेखिकांचे श्रेय मला फार मोठे वाटते. किम सू-ह्यन यांच्या 1991-92 मधल्या ‘सारांगी म्वोगिल्ले’ या मालिकेत किम ह्ये-जा यांनी घरात हुकूमशहासारख्या वागणाऱ्या नवऱ्याची बायको रंगवली. नवऱ्याच्या भूमिकेत ली सून-जे होते. ही मालिका कोरियात अफाट गाजली, आणि पुढे 1997 मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीवर दाखवली गेली तेव्हा कोरियन मालिकांची परदेशातली लाट तिथून उठली, असे मानले जाते. याच लेखिकेने 2008 मध्ये केबीएससाठी ‘आई रागावली आहे’ अशा अर्थाच्या नावाची मालिका लिहिली. तिच्यात साठीची गृहिणी कुटुंबासमोर जाहीर करते की, मला या घरातून एक वर्षाची रजा हवी आहे, आणि खरोखरच भाड्याची खोली घेऊन वेगळी राहते. त्या देशात घरोघरी यावरून वाद झाले. वाद होणारच होते, कारण रजा मागणारी बाई कुणी परकी नव्हती, बावीस वर्षे सर्वांना जेवू घालणारी तीच आई होती. या भूमिकेसाठी त्यांना 2009 मध्ये बेकसांग या कोरियातल्या चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान मिळाला.

केतकी_वाचते:

सुरुवात कुठून करावी याचे माझे उत्तर वेगळे आहे. 2019 सालची ‘द लाइट इन युअर आइज’ ही जेटीबीसी वाहिनीची मालिका आधी पाहा. भाग फक्त बारा आहेत. वेळ मागे नेणारे घड्याळ वापरता वापरता पंचविशीतली एक मुलगी अचानक म्हातारी होते, अशी कथा सुरू होते. तरुणपणीची भूमिका हान जी-मिन करतात, पुढची किम ह्ये-जा, आणि त्या पात्राचे नावही किम ह्ये-जा असेच ठेवले आहे. पुढे जे उलगडते ते मी सांगणार नाही, एवढेच म्हणेन की त्यानंतर पहिला भाग पुन्हा पाहावासा वाटतो. म्हातारीच्या शरीरात अडकलेली पंचविशीतली मुलगी करताना त्या कुठेही लाडिक होत नाहीत. जिना चढताना गुडघ्याने दगा दिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर वेदना येण्याआधी आश्चर्य येते, आणि या एका क्रमावर माझा त्या पात्रावर पूर्ण विश्वास बसला.

या कामासाठी त्यांना त्याच वर्षी बेकसांगचा सर्वोच्च सन्मान पुन्हा मिळाला. तो स्वीकारताना त्यांनी मालिकेच्या शेवटचे निवेदन संहितेच्या कागदावरून वाचून दाखवले आणि सभागृहातले कलाकार उघडपणे रडत होते. त्याच दिग्दर्शकाने आणि लेखकांनी 2025 मध्ये त्यांना घेऊन ‘हेवनली एव्हर आफ्टर’ केली. त्यात ऐंशीव्या वर्षी स्वर्गात पोहोचलेल्या बाईला तिचा नवरा तरुण रूपात भेटतो. नवऱ्याचे काम करणाऱ्या सोन सक-कू यांच्यापेक्षा किम ह्ये-जा चाळीसहून अधिक वर्षांनी मोठ्या आहेत, तरी पती-पत्नीचे नाते कुठे खोटे वाटत नाही.

जुनी_वही:

पश्चिमवारा, तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि मी तो आधीच मांडायला हवा होता.

मृण्मयीताई, सासूबाईंचा प्रश्न राहून गेला. ओक-दोंग शिजवते ते दोएनजांग जिगे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या घट्ट लगद्याचे रस्सेदार कालवण. बरीच वर्षे आईशी अबोला धरलेल्या मुलाच्या ते आवडीचे असते. परंतु कोरियन प्रेक्षकाला त्या पातेल्यात आणखी काही दिसते. किम ह्ये-जा 1975 पासून सुमारे सत्तावीस वर्षे ‘दाशिदा’ या रश्श्याच्या मसाल्याच्या जाहिरातीत होत्या. त्या पळीने रस्सा चाखायच्या आणि म्हणायच्या, “होय, हीच ती चव!” पुढे त्यांच्या नावाने दुकानांत जेवणाचे डबे विकायला आले. ते डबे इतके भरलेले असत की पैशांच्या मानाने भरपूर देणाऱ्या कोणत्याही वस्तूला तिथली तरुण मुले ‘ह्ये-जा’ म्हणू लागली. ओक-दोंगने चुलीवर ते पातेले ठेवले तेव्हा प्रेक्षकांना ही सारी वर्षे आठवली असणार. फरक इतकाच की या वेळी रस्सा चाखून काही बोलायला ती उठत नाही. मुलगा येतो आणि आईजवळ थांबतो.