काँक्रीटच्या रस्त्यावर डांबरी थर देण्याआधी तपासणी कशी करावी? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात आहे. एसटी स्टँडपासून बाजार समितीकडे जाणारा आमचा काँक्रीटचा रस्ता (जाडी २०० मिमी, सांधे साडेचार मीटरवर) वरून पार गुळगुळीत झालाय. पावसात दुचाकी घसरतात. त्यावर ५० मिमी डांबरी थर द्यायचं अंदाजपत्रक तयार आहे आणि पावसाळ्याआधी काम उरकावं असा सगळ्यांचा आग्रह आहे.

मला धास्ती आहे ती सांध्यांची. गावातल्याच दुसऱ्या काँक्रीट रस्त्यावर असा थर दिला होता. पहिल्याच हिवाळ्यात खालच्या सांध्यांच्या बरोब्बर वर आडव्या भेगा उठल्या आणि पुढच्या पावसात त्यांच्या कडा निघाल्या. लोकांचा पैसा पुन्हा तसाच जाऊ नये, एवढंच वाटतं.

चालत जाऊन स्लॅबवार नकाशा काढलाय. बहुतेक लांबीत बारीक भेगा आहेत, त्यांची फार चिंता नाही. पण समितीच्या फाटकाजवळ, जिथे कांद्याचे ट्रक वळतात, तिथे बरेच कोपरे तुटलेत. सांध्यांवर पायरी आली आहे: गाडी ज्या स्लॅबवरून येते तो वर, पुढचा खाली. अवकाळी पाऊस झाला तेव्हा तिथल्या सांध्यांतून मातकट पाणी उडत होतं. सांध्यांत भरलेलं सीलंट तर कधीच गेलंय.

एफडब्ल्यूडी (वजन आपटून रस्ता किती दबतो ते मोजणारं यंत्र) मागवायची तरतूद नाही, बेंकलमन बीम (ट्रकच्या भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजणारी लांब दांडी) मिळू शकतो. काँक्रीटवर त्याचा उपयोग होईल का? कोअर (काँक्रीटमधून कापून काढायचे गोल नमुने) कुठे घ्यावेत? आणि ठेकेदार म्हणतो तसं जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचं कापड) अंथरून भागेल का?

प्रतिसाद

मातकट पाणी आणि पायरी एकाच ठिकाणी दिसतात तिथे स्लॅबखाली पोकळी आहे असं धरूनच चला. चाक सांधा ओलांडतं तेव्हा खालचा बारीक गाळ पाण्याबरोबर मागच्या स्लॅबखाली ढकलला जातो. तो स्लॅब उचलला जातो आणि पुढच्याचा आधार जातो.

बीम जरूर वापरा. मागच्या आसावर ८१७० किलो भाराचा ट्रक घेऊन चाक सांध्याला लागून एका स्लॅबवर आणा आणि सांध्याच्या दोन्ही बाजू किती दबतात ते मोजा. बीमचे पाय हलणाऱ्या स्लॅबवर नकोत, साइडपट्टीवरून आडवा लावा. अमेरिकेतल्या अॅस्फाल्ट इन्स्टिट्यूटची जुनी मर्यादा अशी: दोन बाजूंतला फरक ०.०५ मिमीच्या आत, सरासरी दबणं ०.३६ मिमीच्या आत. त्यापुढे गेलं तर आधी खाली ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरणं आलं.

वेळ मात्र पहाटेचीच घ्या. दुपारी स्लॅब फुगून एकमेकांना घट्ट भिडतात, मग निकामी झालेला सांधासुद्धा भार चांगला पोचवतो आणि तुम्ही फसता.

कोअर चांगल्या स्लॅबमधून घेऊन अहवाल सजवू नका. एक भेगेवर घ्या म्हणजे ती आरपार आहे का ते कळेल. एक पायरी आलेल्या सांध्यापाशी घ्या, तिथे खालचा थर धुपलाय का ते दिसेल. डॉवेल (एका स्लॅबचा भार दुसऱ्याकडे पोचवणारी सांध्यातली सळई) गंजलाय का हेही बघा. हातोडीने ठोकत किंवा साखळी ओढत गेलात तर वरचा पापुद्रा सुटलेल्या जागा भद्द आवाजाने कळतात. हे काम फुकटात होतं आणि तरी कुणी करत नाही.

जिओटेक्स्टाइल उष्णतेमुळे सांधा उघडमीट होतो त्याला थोडाफार आवर घालतं. स्लॅब वर-खाली होत असतील तर ते काहीच करू शकत नाही. तुमच्या फाटकाजवळ तोच रोग आहे.

आणि खरं सांगू? मधल्या लांबीत फक्त घसरण्याचा त्रास असेल तर तिथे डांबर कशाला? डायमंड ग्राइंडिंग (हिऱ्याच्या पात्यांनी पृष्ठभाग घासणं) करून किंवा खाचा पाडून पकड परत आणता येते. रस्त्याची पातळी वाढत नाही, गटारांची झाकणं उचलावी लागत नाहीत, दुकानांच्या उंबऱ्यात पाणी जात नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. ग्राइंडिंगचे दर काढतो. फाटकाजवळचे तुटके स्लॅब पूर्ण जाडीत काढून नव्याने ओतले, तर त्या भागात तरी डांबरी थर चालेल ना?

प्रतिसाद

चालेल, पण नव्या स्लॅबला डॉवेल हवेतच, आणि आधी गटाराकडे पाण्याचा उतार काढा. थर पडण्याआधी प्रत्येक सांध्याची खूण रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंना करून ठेवा. डांबर बसल्यावर त्याच रेषेत करवतीने खाच मारून सीलंट भरायचं. खूण थोडी जरी चुकली तर भेग शेजारून उठेल.